फाटक जसं सापडेल तसं

नेदर विकरिंग गाव आपल्याला तळहातासारखं पाठ आहे, असं क्लाइव पार्जिटरने 'लंगडा कोल्हा' या गावच्या पबमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं, तेव्हा त्याच्या हातात बिअरचा दुसरा ग्लास होता. पहिल्या ग्लासावर क्लाइव असलं काही बोलत नाही. पहिल्या ग्लासावर तो फक्त हवामानाबद्दल बोलतो, आणि तेही समोरच्याच्या मताशी जुळवून घेत.

"डोळे बांधून सोडा मला," तो म्हणाला, "चर्चपासून बग्नलच्या गोठ्यापर्यंत एकदाही न धडपडता जाऊन दाखवतो."

"डोळे उघडे ठेवून गेलास तरी पुष्कळ झालं," त्याची बायको बेरिल म्हणाली. क्लाइवच्या गावात वाटा दोनच, एक घरापासून पबपर्यंतची आणि दुसरी पबपासून घरापर्यंतची, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

घोडं अडलं होतं ते असं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आसपासच्या शहरांतली माणसं चिखलाचे बूट चढवून नेदर विकरिंग बघायला येतात. बघायला काय आहे, असं विचारलंत तर गावकऱ्यांना राग येईल. चर्चचा मनोरा आहे, तो जरासा कललाय. पवित्र विहीर आहे, तिच्यात पाणी नाही. ओकचं एक पोकळ झाड आहे, त्याच्या ढोलीत म्हणे एक राजा शत्रूपासून लपून बसला होता. आजूबाजूच्या प्रत्येक गावात असं एकेक झाड आहे, तेव्हा तो राजा राज्य कधी करायचा कोण जाणे. मग शेतं आणि ओढा ओलांडत फेरी गावातल्या हिरवळीवर परत येते. तिथे टेबलं मांडलेली असतात आणि टेबलांवर चहा, स्कोन नावाचे गरम छोटे पाव, जाम आणि साय. लोक खरं तर एवढ्यासाठीच येतात.

ही फेरी वर्षानुवर्षं विनिफ्रेड ओटरवेलबाई नेत आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत, आणि पणजोबा चर्चच्या आवारात पुरलेले. नेदर विकरिंगमध्ये यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. यंदा मात्र पताका बांधताना बाई खुर्चीवरून पडल्या आणि गुडघा प्लास्टरमध्ये गेला. आता फेरी कोण नेणार, असा प्रश्न निघाल्याबरोबर पबमधल्या प्रत्येकाला आपापल्या ग्लासात बघण्यासारखं बरंच काही सापडलं.

"मी नेतो," क्लाइव म्हणाला.

ओटरवेलबाईंनी प्लास्टरचा पाय स्टुलावर नीट ठेवला. "भावना चांगली आहे हो तुमची, मिस्टर पार्जिटर. पण तुम्ही पडलात नवे."

"बाई, आम्हाला इथे येऊन तेवीस वर्षं झाली."

"तेच म्हणतेय मी."

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात. नेदर विकरिंगमध्ये ते जरा लांबतात. गावच्या सभागृहाच्या भिंतीवर गावाचा मोठा रंगीत नकाशा आहे. त्यात मनोरा आहे, विहीर आहे, राजाचं झाड आहे, आणि प्रत्येक घरावर घरच्यांचं नाव आहे. क्लाइव आणि बेरिलच्या घरावर मात्र अजून 'पीबडींचं घर' असंच लिहिलेलं आहे. पीबडी मंडळी केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेली. क्लाइवने त्या घराचं छप्पर बदललं, दारात गुलाब लावले, गावासाठी नाताळबाबा होऊन दरवर्षी दाढीखाली घाम गाळला. तरी पोस्टमन येतो तो 'पीबडींकडचे ना तुम्ही?' असंच म्हणत. हा नकाशा पिढीतून एकदाच नव्याने रंगवतात, आणि यंदाच्या नाताळात तो रंगायचा होता. या खेपेला नाव लागलं नाही तर जिवंतपणी लागायचं नाही, हे क्लाइवला कळत होतं. भिंतीवर 'पार्जिटर' एवढी अक्षरं बघायची होती त्याला, बस्स. माणसाने याहून कमी काय मागायचं?

शेवटी दुसरं कुणीच पुढे येईना, तेव्हा बाईंनी मान हलवली. "ठीक आहे. चार वाजता सगळ्यांना हिरवळीवर आणायचं. स्कोन गार झाले तर मी ऐकून घेणार नाही. आणि फाटकं. फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद."

"बाई, मी काय काल आलोय गावात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "परवा."

रविवारी ऊन पडलं. इथे ऊन पडलं की लोक आधी संशयाने आभाळाकडे बघतात आणि मग सगळेच्या सगळे घराबाहेर पडतात. फेरीला तीसेक माणसं जमली. क्लाइवने नवा हिरवा मेणकापडी कोट घातला होता, डोक्यावर चपटी टोपी, हातात काठी. बेरिलने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कसा दिसतोय?"

"दुकानातून आत्ताच बाहेर आल्यासारखा. मागच्या बाजूला किमतीची चिठ्ठी लटकतेय, ती काढ."

सुरुवात झकास झाली. मनोरा कललेला आहे, असं क्लाइवने सांगितलं आणि लोकांनी मान कलती करून तो सरळ करून बघितला. विहिरीत पाणी नाही, हे सगळ्यांनी पाळीपाळीने वाकून तपासलं. राजाच्या ढोलीत पिवळ्या रेनकोटवाल्या एक बाई शिरल्या आणि कमरेत अडकल्या, त्यांना दोघांनी ओढून काढलं. त्यामुळे तो राजा बारीक असला पाहिजे, ही नवीन ऐतिहासिक माहिती मिळाली. बग्नलच्या कुरणात एक उभा दगड लागला. तो कसला आहे याची क्लाइवला सुतराम कल्पना नव्हती, पण तीस तोंडं त्याच्याकडे लागलेली.

"रोमन," तो गंभीरपणे म्हणाला.

लोकांनी दगडाचे फोटो काढले. तो दगड बग्नलच्या आजोबांनी गाईंना अंग घासायला पुरला होता, हे क्लाइवला पुढे कळलं. गाई कुरणाच्या टोकाला ओढ्याकडे लोळत होत्या. त्यांना रोमनांशी काही घेणंदेणं नव्हतं.

कुरण संपतं तिथे बग्नलच्या गोठ्याकडे जाणारं फाटक आहे. फेरीची वाट त्यातूनच जाते. वाट शेतकऱ्याच्या जमिनीतून गेली तरी ती सगळ्यांच्या हक्काची, त्यामुळे बग्नलला ती अडवता येत नाही, फक्त कपाळाला आठ्या घालता येतात. फाटक लाकडी आणि चांगलं जड आहे, आणि बिजागरी कलल्यामुळे सोडलं की आपोआप मिटतं. त्या दिवशी ते सताड उघडं होतं, खांबाला सुतळीने बांधून ठेवलेलं. क्लाइव रुबाबात पुढे झाला, फाटकाला टेकून उभा राहिला आणि "या, या," म्हणाला. त्याच्या वजनाने सुतळी सुटली. फाटक मिटायला लागलं, ते त्याने हाताने थोपवलं. म्हटलं, एवढी माणसं जाऊ देत, मग बघू.

"तुम्ही व्हा पुढे," तो लोकांना म्हणाला. "सरळ वाट आहे. मी आलोच."

माणसं "थँक्यू", "थँक्यू" करत एकेक करून गेली. शेवटच्याने थँक्यू म्हटलं आणि क्लाइव फाटक सोडणार, तोच मागून सायकली ढकलत एक जोडपं येताना दिसलं.

आता, माणूस किती लांब असला म्हणजे त्याच्यासाठी दार धरायची गरज नाही, हा हिशेब इथल्या मुलांच्या अंगी चालायला लागण्याआधीच मुरलेला असतो. जोडपं त्या अंतराच्या जेमतेम आत होतं. क्लाइवने फाटक धरलं. आपल्यासाठी कुणीतरी ताटकळतोय हे बघून ते बिचारे धावायला लागले. ते धावतायत हे बघून क्लाइवला अपराधी वाटलं आणि त्याने फाटक आणखी घट्ट धरलं.

"सॉरी हं, तुम्हाला थांबावं लागलं," धापा टाकत बाई म्हणाल्या.

"छे छे, सॉरी मीच. तुम्हाला धावावं लागलं."

"नाही हो, आम्ही तसेही धावणारच होतो," नवरा म्हणाला. दोन्ही हातांत सायकल धरून कुणी तसंही धावत नाही. पण बोलायची एक पद्धत असते.

त्यांच्या मागोमाग बाबागाडी. गाडीमागे आजी, आजीमागे दोन कुत्री, कुत्र्यांमागे त्यांची मालकीण. मग रविवारी पायी भटकणाऱ्या लोकांचं एक अख्खं मंडळ आलं, ते फेरीत नव्हतंच. त्यातल्या प्रत्येकाने थँक्यू म्हटलं आणि प्रत्येकाला क्लाइवने "नॉट अॅट ऑल" म्हटलं. चांगुलपणाही एकदा हाताला चिकटला की झटकता येत नाही. एकाने त्याला विचारलं, "तुमची नेमणूक पंचायतीकडून आहे का?" दुसऱ्याने त्याला पेपरमिंटची गोळी दिली. त्याचे तीस लोक तोवर वळणापलीकडे गेले होते.

मंडळ संपलं. क्लाइवने सुस्कारा सोडला आणि मागे बघितलं. कुरणाच्या मध्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत येत होते. ते अंतराच्या बाहेर होते. अगदी नक्की बाहेर होते. फाटक सोडलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तेवढ्यात म्हाताऱ्याने मान वर करून बघितलं, फाटक धरलेला माणूस त्यांना दिसला आणि त्यांनी आभाराची टोपी उचलली.

संपलं. टोपी उचललेल्या माणसाच्या तोंडावर फाटक सोडणारा इंग्रज अजून जन्माला यायचाय.

म्हातारबुवा आले. सावकाश आले. वाटेत रोमन दगडापाशी टेकले, उठले, पुन्हा टोपी उचलली. चर्चच्या घड्याळात साडेतीनचे टोले पडले. शेवटी ते फाटकातून पार झाले, मनापासून आभार मानून हळूहळू चालू लागले, आणि क्लाइवने हात सोडला. फाटक धाडकन मिटलं. त्याने कडी घातली, ओढून बघितली आणि समाधानाने मान हलवली. फाटक आधी उघडं होतं की बंद, याचा तोवर त्याच्या डोक्यात मागमूसही नव्हता. इतका वेळ जे सोडायची आपण वाट बघत होतो ते एकदाचं बंद झालं, एवढंच त्याला कळत होतं. तो म्हाताऱ्याला "सॉरी, सॉरी" म्हणत ओलांडून धावत सुटला.

वळणापलीकडे चिटपाखरू नव्हतं.

झालं होतं असं. नेव्हिल क्रेक नावाचा गावचा एक अबोल माणूस पक्षी बघून घरी परतत होता. नेव्हिल इतका लाजाळू, की टपाल टाकायला जायचं तर पेटीपाशी कुणी नाही ना हे आधी लांबून बघून घेतो. त्याच्या अंगावर हिरवा मेणकापडी कोट होता, डोक्यावर चपटी टोपी, हातात काठी. तीस माणसं त्याच्यामागे लागली. नेव्हिल भरभर चालायला लागला, तशी माणसंही भरभर चालायला लागली. तो थांबून झुडुपाकडे बघायला लागला, तर तीसही जण थांबून झुडुपाकडे बघायला लागले आणि एकीने फोटो काढला. "तुम्ही माझ्यामागे का येताय?" एवढं विचारलं असतं तर काम भागलं असतं. पण अनोळखी माणसाला असं तोंडावर कसं विचारायचं? नेव्हिल घरी पोहोचला, त्याने दार उघडलं. माणसं पायपुसण्याला बूट पुसून एकामागून एक आत आली. नेव्हिलने मग तेच केलं जे संकटात इथे सगळेच करतात. त्याने चहाचं आधण ठेवलं.

क्लाइवला यातलं काहीच माहीत नव्हतं. माणसं हिरवळीवर पोहोचली असतील, अशी मनाची समजूत घालत तो चारच्या ठोक्याला तिथे धापा टाकत आला, आणि जागच्या जागी उभा राहिला.

हिरवळीवर गाई होत्या.

दुपारी साडेतीनचे टोले पडून गेले की बग्नलच्या गाई दूध काढायला आपल्या आपण गोठ्यात जातात. त्यासाठीच तो फाटक सुतळीने बांधून ठेवतो. त्या दिवशी गाई फाटकाशी आल्या, फाटक बंद. थोडा वेळ त्या रांगेत उभ्या राहिल्या, त्याही इथल्याच ना. मग डचेस नावाची म्होरकी ओढ्याकाठच्या कुंपणाकडे वळली. ते कुंपण नावापुरतंच आहे, गाईंनी आजवर त्याचा मान ठेवला होता एवढंच. तिथून गल्ली, आणि गल्लीतून सरळ चहाची टेबलं.

डचेसच्या गळ्यात पताकांची माळ अडकली होती आणि पोळ्याला सजवल्यासारखी ती मधल्या टेबलाशी उभी होती. स्कोन संपले होते. आता जाम चाललं होतं. ओटरवेलबाई चाकाच्या खुर्चीतून कुबडी उगारत होत्या.

"डचेस! खाली ठेव ते!"

डचेसने बरणी चाटून खाली ठेवली. ती रिकामी होती.

बेरिल हातात चहाची किटली घेऊन एका बाकावर चढून उभी होती. "क्लाइव, माणसं कुठायत?"

"इथे नाही आली?"

"इथे आल्या त्या सगळ्यांना चार पाय आहेत."

तीस माणसं हरवली, चहाची नासाडी झाली, आणि भिंतीवरची ती अक्षरं क्लाइवला डोळ्यांदेखत पुसली जाताना दिसली. तेवढ्यात बग्नल आला. लालबुंद चेहऱ्याचा धिप्पाड माणूस, पण गाईंशी हळू आवाजात बोलणारा. त्याने डचेसच्या गळ्यातली माळ काढली आणि वळून विचारलं, "माझं फाटक कुणी लावलं?"



"शहरवाल्यांचंच काम," तोच पुढे म्हणाला. "त्यांना काय कळतंय. आपल्यातला माणूस असं करणार नाही." आणि त्याने आपला भला मोठा पंजा क्लाइवच्या खांद्यावर ठेवला. "तू होतास ना रे तिकडे? तू काय करणार एकटा. तीस जणांवर लक्ष कसं राहणार?"

आपल्यातला माणूस. तेवीस वर्षांत हे शब्द पहिल्यांदा क्लाइवच्या बाजूने पडले होते, आणि वर तो पंजा. इतकं बरं वाटलं त्याला, की डोळ्यांत पाणी येतंय की काय असं झालं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण त्यातून बाहेर पडलं ते एवढंच, "हो ना. शहरातली माणसं."

बेरिलने किटली खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. तिला फाटकाचं काही माहीत नव्हतं, पण नवरा माहीत होता.

मग गल्लीतून हसण्याचा आवाज आला. फेरीची सगळी माणसं मजेत येत होती, आणि मध्ये नेव्हिल क्रेक, चक्क बोलत. पिवळ्या रेनकोटवाल्या बाईंनी ओटरवेलबाईंचा हात हातात घेतला. "काय सुंदर गाव आहे हो तुमचं! आणि ते मिस्टर क्रेकचं घर! त्यांच्या आईने जमवलेल्या चहाच्या किटल्यांनी कपाटंच्या कपाटं भरली आहेत. प्रत्येक किटलीत चहा करून पाजला त्यांनी. विहिरीपेक्षा कितीतरी छान."

क्लाइवला वाटलं, वाचलो. माणसं सापडली, वर खूशही आहेत. बग्नलचा पंजा खांद्यावर होताच. म्हणजे आता सगळं निभावलं.

आणि तेव्हा, हिरवळीच्या पार दुसऱ्या टोकाला, काठी टेकत येणारे म्हातारबुवा दिसले. ते सावकाश येत होते. क्लाइव त्यांना येताना बघत राहिला. दुसरं करणार काय? ते टेबलांना वळसा घालून आले, डचेसला टोपी उचलली आणि थेट क्लाइवसमोर उभे राहिले.

"तुम्हाला शोधत होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं तशीच बोलतात. "हे कोण गृहस्थ, मला माहीत नाही. पण आजच्या काळात अशी माणसं राहिलेली नाहीत. माझ्यासाठी एवढा वेळ फाटक धरून उभे राहिले. आणि मी पार झाल्यावर स्वतःच्या हाताने लावलं हो. कडी घातली. वर ओढूनसुद्धा बघितली. याला म्हणतात जबाबदारी."

कुणीतरी खाकरलं. बग्नलचा पंजा क्लाइवच्या खांद्यावरून उचलला गेला. घाईने नाही, एखादी वस्तू आपली नाही हे कळल्यावर माणूस ती परत ठेवतो तसा.

"सॉरी," क्लाइव म्हणाला.

"हं," बग्नल म्हणाला आणि गाई घेऊन निघून गेला.

"अहो, तुम्ही सगळे यांच्यावर रागावू नका," ओटरवेलबाई म्हणाल्या. बाईंच्या आवाजात खरीच माया होती, आणि तेच क्लाइवला जास्त लागलं. "नवे आहेत ते."

त्यानंतर सहा महिने पबमध्ये क्लाइव आत शिरला की कुणी ना कुणी उठून दार धरून उभं राहायचं, आणि बसायचंच नाही. नाताळात तो पुन्हा दाढी लावून नाताळबाबा झाला. नकाशाबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. बेरिलनेही काढला नाही. त्याच्या ताटातले बटाटे मात्र त्या दिवसांत जरा जास्त असायचे.

नकाशावरचं कापड काढायच्या दिवशी सगळं गाव सभागृहात जमलं. ओटरवेलबाईंनी बऱ्या झालेल्या पायावर उभं राहून कापड ओढलं. रंग ताजे होते. मनोरा कललेला होता. नेव्हिलच्या घरापाशी नवीन अक्षरं होती, 'क्रेक, किटल्या बघायला मिळतात.' क्लाइवने खिशातून चष्मा काढला आणि आपलं घर शोधलं. 'पीबडींचं घर.'

"तिकडे नाही," मागून बग्नल म्हणाला. "इकडे बघ. माझ्या कुरणापाशी."

क्लाइवने बघितलं. कुरणाच्या टोकाला छोटंसं फाटक काढलेलं होतं, त्याच्याशी हिरव्या कोटातला बोटाच्या नखाएवढा माणूस, आणि खाली सुबक अक्षरांत, 'नव्या माणसाचं फाटक.'

"मीच सुचवलं," ओटरवेलबाई म्हणाल्या. "आता फेरी तिथेही थांबेल. विहिरीपेक्षा बरं, तिच्यात काही नाहीच. आणि घरांची नावं काय हो, माणसं येतात-जातात. फाटकाचं नाव पडलं की दोनशे वर्षं हलत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बग्नलनेही वाजवल्या. क्लाइवला काय वाटावं तेच कळेना, म्हणून तो थँक्यू म्हणाला.

"अभिनंदन," बेरिल त्याच्या कानाशी म्हणाली. "आतापर्यंत नुसतेच नवे होतो. आता दोनशे वर्षांची खात्री झाली."

तिने त्याच्या हातात हात घातला आणि दोघं निघाले. बाहेर बारीक पाऊस होता. क्लाइवने सभागृहाचं दार उघडलं, ते बेरिलसाठी धरलं आणि तिच्यामागून बाहेर पडणार, तेवढ्यात मागून ओटरवेलबाई काठी टेकत येताना दिसल्या. त्यांच्यामागे बग्नल होता, बग्नलच्या मागे नेव्हिल, आणि नेव्हिलच्या मागे सगळं गाव.

बेरिल एकटीच घरी गेली आणि तिने त्याचं जेवण झाकून ठेवलं.